लॉक लागण्याआधी

१

ट्रक घळीत उलटा पडला होता आणि नागसेन ओव्हाळ त्याच्या पलीकडं दगडांमध्ये होता. माणसं खाली पोहोचली तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता. ट्रकच्या केबिनमध्ये डिफरन्शियल लॉकची दोन्ही बटणं, पुढच्या आणि मागच्या चाकांची, चालू स्थितीत सापडली. एवढ्यावरूनच कंपनीनं नागसेनला दोषी ठरवून टाकलं.

चाकणच्या पुढं, एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या जागेवर कंपनीनं नव्या गाड्या तपासण्याचा रस्ता केला होता. दगडांची चढण, मग टँकरनं पाणी सोडून केलेला चिखलाचा खड्डा, खड्ड्याला लागूनच सिमेंटचं वळण आणि वळणाच्या बाहेर घळ. चारही चाकांना जोर देणारे ट्रक तिथं दिवसभर घुमत असत. नागसेन तिथल्या सगळ्यात जुन्या चाचणी चालकांपैकी एक.

कंपनीच्या अहवालाचं म्हणणं सरळ होतं. चिखलातून बाहेर आल्यावर चालकानं लॉक काढलं नाही. लॉक असलेली गाडी पक्क्या रस्त्यावर नीट वळत नाही. ती वळणावर सरळ गेली आणि घळीत पडली. चूक चालकाची.

सहायक निरीक्षक प्राजक्ता नेवाळे हा अहवाल पुढं पाठवायच्या बेतात होती, तेवढ्यात नागसेनची बायको दीक्षा पोलीस ठाण्यात आली. ती रडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला फक्त एक विचारायचंय. त्यात लिहिलंय ते तुम्हाला पटलं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पक्का रस्ता आला की आधी लॉक काढायचं, हे आमच्या साक्षीलासुद्धा पाठ आहे. दुसरीत आहे ती. ते रिक्षात बसले तरी रिक्षावाल्याला शिकवायचे, इतकं त्यांना या गोष्टींचं वेड. रविवारी पुण्यानुमोदन आहे, मॅडम. लोक येतील, चांगलं बोलतील. आणि मनात म्हणतील, स्वतःच्या चुकीनं गेला."

प्राजक्तानं अहवाल पुन्हा उघडला. खरं सांगायचं तर लॉक म्हणजे नेमकं काय, हेही तिला धड माहीत नव्हतं. न समजलेल्या गोष्टीवर आपण सही करणार होतो, हे तिला त्या क्षणी फार लागलं.

२

संत तुकाराम नगरमधल्या दीक्षाच्या घरी प्राजक्ता दुसऱ्या दिवशी गेली. दुसरा मजला, दोन खोल्या. भिंतीवर नागसेनचा फोटो नुकताच लागला होता. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं.

"त्यांचं कुणाशी वाकडं होतं का?" प्राजक्तानं विचारलं.

"शेखर सरांशी वाजायचं कधीकधी. प्रोजेक्टचे मुख्य ते. त्यांना सगळं घाईत हवं असायचं. पण वाकडं असं नाही."

"आणि जवळचं कोण?"

"रणजीतभाऊ." दीक्षाचा आवाज मऊ झाला. "दोघं चाचणी चालक म्हणून एकाच वेळी लागले कंपनीत. इथं खालच्या गल्लीतच राहतात. अलीकडं तर हे त्यांना रोज गाडीवर मागं बसवून न्यायचे. भाऊंची मोटरसायकल बिघडली होती म्हणे. एवढ्या दिवसांत ती दुरुस्त कशी होत नाही, असं मी विचारलं, तर हसले नुसते."

निघताना प्राजक्ताचं लक्ष गॅलरीत गेलं. कोपऱ्यात कंपनीचे जाड बूट ठेवले होते. हॉस्पिटलनं परत दिलेले. घोट्यापर्यंत चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या.

"धुवायला हात होत नाही," दीक्षा म्हणाली.

"नका धुऊ," प्राजक्ता म्हणाली. का म्हणाली ते तिला जिना उतरेपर्यंत उमगलं नाही. उमगलं तशी ती जीप घेऊन थेट चाकणला गेली. ट्रक कंपनीच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवला होता. ताडपत्री बाजूला करून ती चेपलेल्या केबिनमध्ये वाकली.

क्लचचं पेडल स्वच्छ होतं. ब्रेकचंही आणि रेसचंही. काळ्या रबरावर धूळ होती, काचेचा चुरा होता, चिखलाचा मात्र एक कणही नव्हता. पायाखालच्या चटईवरही नाही.

घोट्यापर्यंत चिखलात बुडालेले पाय या पेडलांवर पडलेच नव्हते. ट्रक पडला तेव्हा नागसेन जमिनीवर उभा होता. गाडी दुसरंच कुणीतरी चालवत होतं.

३

त्या सकाळी खाणीच्या आवारात चारच माणसं होती. नागसेन, रणजीत, शेखर सर आणि गेटवरचे सोनबा. सोनबांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे उरले दोघं.

शेखर सर शेडमध्ये भेटले. चाळिशीचे, झोप न झालेले. "मी फोनवर होतो. मोठा आवाज झाला म्हणून बाहेर आलो."

"चिखलाचा खड्डा दुसऱ्याच दिवशी सपाट केलात. का?"

"पाहुणे येणार होते बाहेरून." ते अडखळले. "आणि मला तो खड्डा बघवत नव्हता, मॅडम. तुम्हाला खोटं वाटेल."

"तुम्ही स्वतः ट्रक चालवता?"

"चालवतो. कधीकधी."

"त्या दिवशी?"

"नाही." मग थोड्या वेळानं, "नागसेनला घाई करू नको म्हणणारा माणूस मी नव्हतो, हे कबूल करतो. पण चालवत मी नव्हतो."

एवढं बोलून ते आपल्या जीपमध्ये बसले आणि निघाले. सोनबा समोर गेटची साखळी काढत होते. जीप हॉर्न न देता त्यांच्या अंगावरच आली, तसे म्हातारबुवा टुणकन बाजूला झाले.

"ह्यो मानूस असाच हाय," सोनबा प्राजक्ताजवळ येत पुटपुटले. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांच्याच भावकीची. आता ते तिच्या गेटवर बसत. प्राजक्ताही याच भागातली, जवळच्या चिखली गावातल्या जुन्या घरातली. तिनं त्यांच्याच बोलीत विचारलं, "आबा, त्या दिशी तुमी काय बघितलं?"

"बघितलं काय न्हाई. मदी ह्यो ढिगारा हाय न्हवं? पर ऐकलं समदं. आदी गाडी गुरगुरत व्हती, चिखलात रुतल्यावानी. मंग हारन वाजला, बारका, येकदाच. मंग इंजान वराडलं, आन् मोठ्ठा दनका. मंग न्हाई काय."

"हारन? नक्की?"

"व्हय तर. पोरी, हितं ना रस्ता ना गर्दी. कुनासाठी वाजीवला आसंल, मला काय उमजलं न्हाई."

प्राजक्तालाही नाही उमजलं. पण तिनं ते मनात ठेवलं, आणि उरलेल्या माणसाकडं गेली.

४

रणजीत टँकरच्या सावलीत बसला होता. शिडशिडीत, कोपराला पट्टी. टँकरच्या पाइपनं लागलं, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. अपघाताच्या वेळी आपण पलीकडच्या टाकीवर पाणी भरत होतो, असंही.

"मला लॉक समजावून सांगा," प्राजक्ता म्हणाली. "काही माहीत नाही असं धरून सांगा."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "कंपनीनं लिहिलंय ते चूक आहे, मॅडम. मी दाखवतो. नाग्याची चूक नव्हती. चला."

शेडसमोर तसाच दुसरा ट्रक उभा होता. रणजीतनं तिला चालकाच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

"वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. ती मुभा दोन चाकांमधलं डिफरन्शियल, म्हणजे दात्यांची पेटी, देतं. पण त्याची एक खोड आहे. एक चाक चिखलात घसरायला लागलं की सगळा जोर त्यालाच जातो. ते नुसतं गरगरतं आणि दुसरं ढिम्म राहतं. गाडी जागची हलत नाही. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. फिरली तर दोन्ही बरोबर फिरणार. मग घट्ट जमिनीवरचं चाक गाडी ओढून काढतं."

"आणि पक्क्या रस्त्यावर?"

"बघाच."

ट्रक सिमेंटवर घेऊन तिनं लॉक लावलं आणि स्टेअरिंग वळवलं. ते दगडासारखं जड झालं. गाडी वळायला मागेना, सरळच रेटू लागली आणि टायर किंचाळले. खाली उतरून पाहिलं तर सिमेंटवर काळे, घासलेले पट्टे उमटले होते.

"हे पट्टे त्या वळणावर होते का?" रणजीतनं विचारलं. आवाजात धार होती. "तुमच्या फोटोंत बघा. नव्हते. गाडी तिथं वळायला लागलीच नाही. खड्ड्यातून सरळ घळीत गेली. चिखलात लॉक लागलेलंच पाहिजे, मॅडम. ते चालू होतं यात त्याची काहीच चूक नाही."

"मग गाडी सरळ का गेली?"

तो ट्रककडं वळला. मग म्हणाला, "चिखलात लावून दाखवतो."

जवळच दुसरा उथळ खड्डा होता. ट्रक त्यात घातल्यावर मागचं एक चाक गरगरू लागलं.

"आता पाय काढा. चाक फिरत असताना लॉक कधी लावायचं नाही. आत दाते असतात. गाडी थांबवायची, बटण दाबायचं, आणि दिवा बघायचा. दिवा लुकलुकतोय म्हणजे दाते अजून बसले नाहीत. स्थिर झाला म्हणजे लागलं. लुकलुकत असताना रेस दिली तर चाक पुन्हा भिरभिरतं आणि दाते मधेच धाडकन बसतात. गाडी उडी मारते."

समोर सोनबा काय चाललंय ते बघायला येऊन उभे राहिले होते.

"हॉर्न द्या," रणजीत सवयीनं म्हणाला. "पुढं माणूस असला की हलायच्या आधी एक हॉर्न. नाग्यानं घालून दिलेला नेम आहे. आम्ही दोघं पाळतो."

प्राजक्तानं हॉर्न दिला. सोनबा बाजूला झाले. तिनं बटण दाबलं. रणजीत डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडं झुकला, डोळे बारीक केले, आणि म्हणाला, "लागलं. द्या आता रेस."

प्राजक्तानं रेस दिली नाही.

पिवळा दिवा लुकलुकत होता.

५

ती रात्र प्राजक्तानं कुशी बदलण्यात काढली. कोडं सुटलं होतं, आणि सुटलं याचा तिला जराही आनंद नव्हता.

सकाळी ती खाणीवर गेली. रणजीतला तिनं घळीच्या काठावर बोलावलं. खाली पडलेल्या काचा उन्हात चमकत होत्या.

"रणजीतभाऊ, मी बोलते, तुम्ही ऐका. नागसेनच्या बुटांना चिखल होता आणि पेडलांना नव्हता. म्हणजे तो खाली उभा राहून गाडीला दिशा दाखवत होता. गाडी हलायच्या आधी एक हॉर्न वाजला, तो सोनबांनी ऐकला. पुढं माणूस आहे म्हणून हॉर्न देणारा चालक होता तो. शेखर सर तसा हॉर्न देत नाहीत, समोर माणूस असतानासुद्धा. तो नेम पाळणारे तुम्ही दोघंच. त्यातला एक खाली उभा होता."

रणजीत घळीकडं तोंड करून उभा राहिला.

"तरी मला पटत नव्हतं. तुमच्यासारखा चालक लॉक बसायच्या आधी रेस देईल कशाला? काल कळलं. दिवा लुकलुकत होता आणि तुम्ही म्हणालात, लागलं. तुम्ही मोटरसायकल चालवायची का बंद केली, तेही मग कळलं." ती थांबली. "किती दिसतं तुम्हाला?"

रणजीतनं घळीकडून तोंड फिरवलं. मग खाली बसला, एकदम, गुडघे दुमडून.

"कडेनं दिसतं. मधे धूर. साखरेच्या आजारानं डोळ्यांचा पडदा खराब झालाय. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कंपनीला कळलं तर स्टेअरिंग गेलं असतं, कायमचं. नाग्या म्हणाला, भावा, तेवढे दिवस मी बघतो तुझ्यासाठी. अवघड चाचण्या तोच करायचा. त्या दिवशीचीही त्याचीच होती." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "मीच म्हटलं, एकदा दे. ऑपरेशन फसलं तर पुन्हा मिळणार नाही. खूप नको म्हणाला. मग दिली."

"पुढं?"

"खड्ड्यात रुतलो. बटणं दाबली. मला दिवा पिवळा दिसला, तेवढाच. स्थिर का लुकलुकता, ते नाही. मी हॉर्न दिला. त्यानं हात वर केला. मूठ म्हणजे थांब, पंजा म्हणजे ये. मला नुसता हात दिसला, मॅडम. मला वाटलं, ये म्हणतोय. रेस दिली. आधी चाक भिरभिरलं, आणि मग लॉक धाडकन बसलं. गाडीनं उडी घेतली. पुढचंही लॉक होतं, चाक वळेना. सरळच गेली."

"वाट दाखवणारा माणूस गाडीच्या पुढ्यात उभा राहतो?"

रणजीतनं मान हलवली. 

"कधीच नाही. बाजूला उभा राहतो. तो नेमही त्याचाच. पण बाजूला राहिला असता तर मागच्या दगडांत तो मला दिसला नसता, पुढं मोकळ्या उजेडात हात तरी दिसायचा. म्हणून... माझ्यासाठी पुढं आला होता तो."

खाली कुठंतरी टिटवी ओरडत गेली. प्राजक्ता त्याच्या शेजारी दगडावर बसली. 

"मी काठावर उडी मारली," रणजीत म्हणाला. "गाडी त्याला घेऊन खाली गेली. मी उतरलो. त्याचा हात धरून बसलो, पण तो गेला होता. मग आवाज आले आणि मी पळालो टँकरकडं. का पळालो, अजून सांगता येत नाही. मग त्यांनी त्याच्यावरच लिहून टाकलं. रोज वाटायचं, आज सांगू. निदान लॉकचं तरी खोटं आहे, एवढं कुणाला तरी कळावं म्हणून काल तुम्हाला दाखवलं."

"ते दाखवलं नसतं तर मला कळलं नसतं."

"माहितेय," तो म्हणाला. "दाखवतानाच माहीत होतं थोडं."

६

जबाब लिहून झाला. कंपनीचा अहवाल रद्द होऊन नवा जाईल, आणि त्यात नागसेनच्या हातात स्टेअरिंग नव्हतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल. शेखर सरांनी ते वाचलं आणि कागद खाली ठेवताना म्हणाले, "मी एकदाही विचारलं नाही की चालवत कोण होतं. बटणं बघितली आणि मोकळा झालो." प्राजक्तानं तो उचलून फायलीत घातला. बटणं बघून सही करायला तीही निघालीच होती.

ठाण्यातून पुढं नेण्याआधी रणजीतनं एकच मागणं केलं. "वहिनींना मीच सांगतो. दुसऱ्याकडून नको."

संध्याकाळच्या आधी ते संत तुकाराम नगरला पोहोचले. साक्षी शेजारी खेळायला गेली होती. दीक्षानं दार उघडलं, रणजीतला आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या हवालदाराला पाहिलं, आणि काही न विचारता दोन पावलं मागं सरली.

रणजीत उभ्यानंच बोलला. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. नागसेन समोर का उभा होता तेही सांगितलं. प्राजक्ता भिंतीला टेकून उभी होती. आपण इथं नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

दीक्षानं सगळं ऐकलं.  पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिली.

"मला म्हणायचे, मोटरसायकल बिघडलीय," ती शेवटी म्हणाली. "माझ्याशी कधी खोटं बोलत नव्हते. तुमच्यासाठी बोलले."

"वहिनी..."

"एक सांगा. बाकी मला काही नको." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ. "शेवटी त्यांचा चेहरा कसा होता? घाबरले होते का?"

रणजीतचे ओठ हलले. तो तिच्याकडं पाहत होता, पण त्याची नजर तिच्या कानाच्या जरा बाजूला, भिंतीवर कुठंतरी खिळली होती.

"मला दिसलं नाही, वहिनी," तो म्हणाला. "मला त्याचा चेहरा दिसलाच नाही."

तेव्हा मात्र दीक्षा रडली. मोठ्यानं, नागसेन गेल्यापासून पहिल्यांदाच. शेजारच्या बाया दारात आल्या, कुणी तिला धरलं, कुणी पाणी आणलं. रणजीतनं पुढं केलेला हात कुणीच घेतला नाही. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यानं खाली घेतला.

"चला," प्राजक्ता हलकेच म्हणाली.

ते जिन्यापर्यंत आले होते, तेवढ्यात मागून आवाज आला. दीक्षा उंबऱ्यात उभी होती. चेहरा ओला, केस सुटलेले. ती रणजीतकडं बघत नव्हती. प्राजक्तालाच म्हणाली,

"मॅडम, खालच्या वळणावर जिन्याची एक पायरी फुटलीय. त्यांना दिसणार नाही. हात धरा त्यांचा."

आणि तिनं दार लावून घेतलं.